जे जहाजात चढले नाहीत : बर्चटाउनचे तीन दिवस

मला खरं तर दीपगृहं बघायची होती. निवृत्त झाल्यापासून नोव्हा स्कोशियाला जाऊ, जाऊ म्हणत होतो, आणि माझी बायको सुलभा मूळची वेंगुर्ल्याची असल्यामुळे तिला तिथल्या माशांचं आकर्षण. दर वर्षी नकाशा काढायचा, दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. मग २०१७ च्या मे महिन्यात आमच्या समोरच्या घरातली रेमी रस्ता ओलांडून आली. मी मागच्या अंगणात मेथी पेरत होतो. ती वाफ्याशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुला ईस्ट कोस्ट बघायचाय ना? मग मला बर्चटाउनला घेऊन चल."

रेमी सिएरा लिओनची. पश्चिम आफ्रिकेतला छोटासा देश, राजधानी फ्रीटाउन. तिकडच्या यादवीच्या काळात ती इथे आली, टोरांटोजवळच्या आमच्या या ब्रॅम्पटनला नर्स म्हणून राबली आणि आमच्या मागोमाग निवृत्त झाली. नवरा गेला, मुलगा एडमंटनला असतो. आमचे ड्राइव्हवे समोरासमोर, त्यामुळे एकोणीस वर्षांची आमची मैत्री मुख्यतः बर्फ शोव्हल करता करता झालेली. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. हायवेवर गाडी चालवायला ती घाबरते, एवढंच मला माहीत होतं.

बर्चटाउन हे नाव मी ऐकलेलं नव्हतं. चाळीस वर्षं या देशात काढली, निम्म्या ओंटारिओची माती भोकं पाडून तपासली (मी जमिनीचा इंजिनिअर, पाया घालण्याआधी माती परीक्षण करणारा), आणि या देशाच्या पूर्व टोकाला फ्रीटाउनचं मूळ आहे हे मला रेमीने सांगावं लागलं. लाज वाटली.

थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही जाणार असाल तर हे माहीत हवं. अमेरिका इंग्रजांशी लढत होती तेव्हा इंग्रजांनी तिथल्या काळ्या गुलामांना वचन दिलं: आमच्या बाजूला या, तुम्हाला स्वातंत्र्य देऊ, जमीन देऊ. हजारो आले. इंग्रज हरले आणि १७८३ मध्ये या लोकांना जहाजांत भरून नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर आणून सोडलं. स्वातंत्र्य मिळालं. जमीन बहुतेकांना मिळाली नाही, ज्यांना मिळाली त्यांना खडक मिळाला. पहिले हिवाळे कित्येकांनी जमिनीत खड्डे खणून, वर ओंडके टाकून काढले. नंतर कुणीतरी दुसरं वचन घेऊन आलं की आफ्रिकेत चला, तिथे जमीन देतो. १७९२ च्या जानेवारीत हॅलिफॅक्सहून पंधरा जहाजं निघाली, सुमारे बाराशे माणसं. त्यांनी फ्रीटाउन वसवलं. त्यांच्यात पुढे आणखी लोक मिसळले आणि त्यातून क्रिओ नावाचा समाज झाला. रेमी त्यातली. तिची आई म्हणायची, आपण थंडीतून आलेली माणसं आहोत.

ही आई २०१४ च्या शेवटी गेली. तेव्हा तिकडे इबोलाची साथ होती. आईला इबोला नव्हता, साखरेचा जुना आजार होता, पण त्या दिवसांत फ्रीटाउनमध्ये कुणीही कशानेही गेलं तरी पांढऱ्या पोशाखातली माणसं येऊन प्रेत पिशवीत घालून नेत. अंघोळ नाही, कपडे नाहीत, शेजारपाजार नाही. पुढचे विधीही झाले नाहीत. क्रिओ लोक चर्चला जाणारे, पण मेलेल्यांना जेवू घालण्याची त्यांची जुनी रीत आहे. तिला अवुजो म्हणतात. अंगणात खड्डा करायचा, त्यात घरचं अन्न घालायचं, पाणी ओतायचं, नाव घेऊन बोलवायचं. रेमी म्हणाली, "आई माझ्या स्वप्नात येते आणि दारात उभी राहते. आत ये म्हटलं तरी येत नाही. तिला तिकडे आत घेतलेलं नाही. न धुता, न सांगता गेली ना."

तिच्या हिशेबाने उपाय एकच होता. सगळ्यात जुन्या माणसांकडे जायचं, त्यांना जेवू घालायचं आणि आईला आत घ्या म्हणून सांगायचं. सगळ्यात जुनी माणसं बर्चटाउनच्या जमिनीत आहेत.

मी हसलो नाही. कधीमधी मला कळतं कुठे हसू नये ते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निघालो. टोरांटो ते हॅलिफॅक्स थेट विमान, दोन तास. आमच्या विमानाने मात्र एकदा खाली उतरता उतरता पुन्हा वर उडी मारली, कारण धावपट्टी दिसेना. खिडकीबाहेर पांढरं, नुसतं पांढरं. दुसऱ्या खेपेला चाकं टेकली तरी मला जमीन दिसली नव्हती. भाड्याची गाडी आधीच बुक करा, उन्हाळ्यात ऐनवेळी मिळत नाही. आम्हाला दिवसाला पन्नास डॉलरच्या आसपास पडली. हॅलिफॅक्समध्येच ग्रोसरी करून घ्या. आम्हाला कच्ची केळी तिथेच मिळाली. बाकी चवळी, लाल पामतेल आणि कोलाची फळं (तिकडे सुपारीसारखी चघळतात ती) रेमीने ब्रॅम्पटनच्या आफ्रिकन दुकानातून आणली होती, तिच्या बॅगेत कपडे कमी आणि हेच जास्त.

हायवे १०३ दक्षिण किनाऱ्याने जातो. बर्चटाउनजवळच्या शेलबर्न गावापर्यंत सव्वादोन तास म्हणतात, आम्हाला साडेतीन लागले. धुकं इतकं होतं की पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसायचे आणि गाडी नाही. कडेला जांभळ्या लुपिनच्या फुलांचे पट्टे अचानक यायचे आणि पुसले जायचे. हरणांसाठी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. पेट्रोल ब्रिजवॉटरला भरा, पुढे पंप विरळ आहेत, मोबाइलचा सिग्नलही जातो. मागे सुलभा आणि रेमी बसलेल्या. बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि आमच्या सुलभाच्या बाबतीत ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

शेलबर्न सुंदर आहे, हे सांगायलाच हवं. बंदराला लागून गोऱ्यांची सव्वादोनशे वर्षांची लाकडी घरं, राखाडी फळ्यांची, नीट जपलेली. त्यातल्याच एका घराच्या मागची कॉटेज आम्ही घेतली होती. रात्रीचे एकशेदहा डॉलर, दोन खोल्या, आणि महत्त्वाचं म्हणजे चालू स्वयंपाकघर. घरमालकीण सत्तरीची, तिच्या घराण्याच्या सात पिढ्या इथे झालेल्या. कुठे जाणार विचारलं. बर्चटाउन म्हटल्यावर तिने रेमीकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि किल्ली देता देता म्हणाली, तिथले दगड मात्र हलवू नका हं. मी विचारलं, का. ती म्हणाली, "माझी आजी सांगायची, हलवलेला दगड सकाळी परत जागेवर असतो. मी कधी हलवून बघितला नाही."

संध्याकाळी बंदरावर हॅडॉक खाल्ला. सतरा डॉलरला मोठी ताटली, ताजा फडफडीत मासा. सुलभाने पहिल्या घासाला मान डोलावली. रेमीने तिची ताटली तशीच परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी बर्चटाउन. शेलबर्नपासून गाडीने दहा मिनिटं. जीपीएस म्हणालं, पोचलात, आणि समोर एक रिकामा रस्ता, खाडी, काळसर झाडं. गाव असं नाहीच. एक छोटं संग्रहालय आहे, एक पांढरं जुनं चर्च, खाडीच्या काठाला दफनभूमीचा दगड. एके काळी ही उत्तर अमेरिकेतली मुक्त काळ्या माणसांची सगळ्यात मोठी वस्ती होती, हे मोठ्याने वाचावं लागतं, नाहीतर विश्वास बसत नाही.

संग्रहालयाला दोन तास द्या, तिकीट किरकोळ आहे. आम्हाला दाखवणारी तिशीतली मुलगी इथलीच, काळी. तिचे पूर्वज जहाजात चढले नव्हते, ते राहिले. तिने रेमीला विचारलं, तुमचे गेले? रेमी हो म्हणाली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. सव्वादोनशे वर्षांपूर्वी निरोप घेतलेली माणसं पुन्हा भेटल्यावर काय बोलतात हे बघायला मी कान टवकारले होते, पण ती मुलगी एवढंच म्हणाली, "इथे येणारा प्रत्येक जण विचारतो, कोण गेलं. कोण राहिलं, ते फारसं कुणी विचारत नाही."

मग तिने सांगितलं कोण राहिलं. ज्यांच्यावर कर्ज होतं ते, कारण कर्जदारांना जहाजात घेत नव्हते. ज्यांचा बांधील मजुरीचा करार संपला नव्हता ते. आणि जे आधीच जमिनीत होते ते. आया, तान्ही मुलं, थंडीने गेलेली म्हातारी. त्यांच्या घरच्यांनी शेवटचं येऊन सांगितलं असेल की आम्ही निघालो. परत कुणी आलं नाही.

मागे रानात एक पायवाट आहे. तिथे तसल्याच एका खड्डेघराची प्रतिकृती केलेली आहे आणि आसपास खरे खड्डेही आहेत, आता नुसते बुजलेले, शेवाळलेले खळगे. बूट नीट घालून जा, मुळं निसरडी आहेत. मी धंद्याच्या सवयीने एका खळग्यात उतरलो. माती वीतभर, खाली सगळा दगडगोटा. इथे कुदळ चालत नाही, पहार लागते. थंडीत ही जमीन चार फूट गोठत असणार. माणसं इथे अर्धवट गोठलेल्या चिखलात पाठीला पाठ लावून झोपली. मी टाच आपटून बघितली, सवयच ती. खालून पोकळ आवाज आला. बाजूला सरकून पुन्हा आपटली, तिथे भरीव. पुन्हा आधीच्या जागी, पोकळ. याला कारणं शंभर असू शकतात. मी त्यातली चार-पाच मनात म्हणत म्हणत वर आलो, जरा घाईनेच.

दफनभूमीत नावं नाहीत. जमीन खणता येत नव्हती म्हणून माणसाला उथळ पुरून वर दगड रचायचे. ते ढीग आहेत, गुडघ्याएवढे, ओळीने नाहीत, कुठेही. धुक्यात एक दिसला की त्यामागे दुसरा दिसायचा. रेमी त्यांच्यामधून हळूहळू चालत गेली आणि प्रत्येकाशी थांबून तिच्या भाषेत "कुशे" म्हणाली. म्हणजे नमस्कार. मी रस्त्यावर थांबलो. आपण फार माणसं असलेल्या खोलीत न विचारता शिरलोय असं वाटत होतं, आणि ते तिथे एकही माणूस नसताना.

विधीची परवानगी त्या मुलीनेच मिळवून दिली. अट एकच, दफनभूमीत खणायचं नाही, बाहेर स्प्रूसच्या झाडांपाशी चालेल. रेमीने तिलाही या म्हटलं. ती म्हणाली, मी दुरून बघेन, आमच्यात ही रीत राहिली नाही.

त्या संध्याकाळी कॉटेजमध्ये स्वयंपाक झाला. चवळी पामतेलात, तळलेली केळी, रताळी, भात. सुलभा मदतीला. श्राद्धाचा स्वयंपाक आधी चाखायचा नसतो या हिशेबाने ती जपून होती, तर रेमीने डाव पुढे करून मीठ बघ म्हटलं. सुलभा दचकली. रेमी म्हणाली, अळणी घातलं तर आई ताट फेकून देईल. त्या प्रवासात रेमी हसली ती तेवढीच.

आणि तिथेच, केळी तळता तळता, तिने सुलभाला ते सांगितलं. आईचा शेवटचा फोन आला होता. आई म्हणाली होती, ये. रेमीच्या हातात रजा होती. विमानंही एखाद-दुसरं चालू होतं. ती नर्स, साथीची माणसं तिने आयुष्यभर सांभाळलेली, आणि ती घाबरली. नाताळ होऊ दे, मग येते, असं म्हणाली. आई नाताळापर्यंत थांबली नाही. तेव्हापासून रेमी फ्रीटाउनला गेलेलीच नव्हती. त्या कबरीसमोर उभं राहायचं धैर्य नाही, असं ती म्हणाली. तिकडे कधीच जाणार नाही, जे करायचं ते इथेच.

तिसऱ्या दिवशी आमचं परतीचं विमान संध्याकाळी सहाचं होतं. हे लक्षात ठेवा. माझ्या वागण्याला एवढंच निमित्त आहे.

सकाळी चवळीचं मोठं भांडं रेमीने गाडीत पुढच्या सीटवर ठेवलं. गाडी पिंग-पिंग करायला लागली, नव्या गाड्यांना वजन कळतं. रेमीने वाकून भांड्याला पट्टा लावला. आवाज थांबला.

खड्डा मी खणला, धंदा माझाच. हातभर खोल जायला पाऊण तास गेला. धुकं तसंच होतं, खाडी दहा पावलांवर असून दिसत नव्हती, नुसता पाण्याचा चाटण्याचा आवाज. रेमीने डोक्याला पांढरं फडकं बांधलं, गुडघे टेकले, अन्न घातलं, थंड पाणी ओतलं, थोडी रम ओतली. मग बोलायला लागली. तिची भाषा इंग्रजीच्या कानाला अर्धी कळते. तिने आधी इथल्यांना हाका मारल्या, नावं माहीत नव्हती म्हणून नुसतं आज्या, पणज्या, खापरपणज्या. मग आईचं नाव घेतलं. हिला आत घ्या. हिला कुणी धुतलं नाही, हिचा यात दोष नाही.

मग कौल. आपल्याकडे देवाला कौल लावतात तसंच. कोलाची दोन फळं उभी फोडली की चार फाका होतात. त्या टाकायच्या. दोन उताण्या, दोन पालथ्या पडल्या की जेवण स्वीकारलं.

चारही पालथ्या पडल्या.

रेमीने आणखी पाणी ओतलं, पुन्हा बोलली, पुन्हा टाकल्या. चारही पालथ्या. तिसऱ्यांदा टाकल्या तेव्हा मी पुढे होऊन वाकून बघत होतो. चारही पालथ्या. माझ्या डोक्यात आपोआप गणित झालं, असं तीनदा लागोपाठ चार हजारांत एखाद वेळी होईल. सुलभाने माझी बाही घट्ट धरली. मागे दफनभूमीच्या बाजूला दगडावर दगड ठेवल्यासारखा आवाज आला. एकदा, मग जरा थांबून पुन्हा. ती संग्रहालयातली मुलगी रस्त्यावर उभी होती, तिनेही तिकडे मान वळवली.

रेमी रडत नव्हती. ती खाली मान घालून बसली होती, हातात फाका घेऊन, आणि मला दिसत होतं की त्यांना काय हवंय ते तिला कळलंय आणि ते ती बोलणार नाही. घड्याळात साडेबारा झाले होते. मला थंडी वाजत होती, भूक लागली होती, विमान डोक्यात होतं. आणि आपल्याकडे अशा वेळी काय करतात ते प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असतं. पिंडाला कावळा शिवत नसला की कुणीतरी पुढे होतो, हात जोडतो आणि गेलेल्याचं राहिलेलं जे काही असेल ते करू म्हणून सांगतो. मोठ्याने सांगतो. कुणीही सांगतो.

मी हात जोडले आणि मराठीत म्हणालो, "येईल हो ती. या डिसेंबरात तुमच्याकडे येईल. जेवा आता."

रेमीने माझ्याकडे बघितलं. मग जणू हात आपोआप उघडल्यासारख्या फाका तिच्या हातातून सुटल्या. दोन उताण्या, दोन पालथ्या.

मागचा आवाज थांबला. त्याच क्षणी मला मानेवर डास चावला, मग दुसरा, मग सगळीकडे. जून महिना, दलदलीचा काठ, वारा नाही, आणि अडीच तासांत आम्हाला एकही डास चावलेला नव्हता हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

रेमी उठली. तिने विचारलं, काय बोललास. मी सांगितलं. तिचा चेहरा असा झाला की मी एक पाऊल मागे सरलो.

"तू माझा शब्द दिलास," ती म्हणाली. "माझ्या माणसांना. मला न विचारता."

मी काहीतरी पुटपुटलो, की आमच्यात असं करतात, कावळा यावा म्हणून. ती म्हणाली, पाणी ओतून जे बोललं ते बोललं, ते परत घेता येत नाही. मग तिने फाका गोळा केल्या, खड्डा स्वतः बुजवला. मला फावड्याला हात लावू दिला नाही.

गाडीत बसलो. भांडं रिकामं होऊन डिकीत गेलं होतं. दोघी मागे, मी चालवत होतो, शेजारची सीट मोकळी. हायवेला लागलो आणि गाडी पिंग-पिंग करायला लागली. मी सीटकडे बघितलं. काही नव्हतं. सीट ओली झाली असेल, धुक्यात दारं उघडी होती, ओलीने सेन्सर बिघडतात, मी हे सगळं मोठ्याने म्हणालो. पिंग-पिंग चालूच. शेवटी रेमी मागून वाकली आणि तिने त्या मोकळ्या सीटचा पट्टा लावला. आवाज थांबला. हॅलिफॅक्सपर्यंत तो पट्टा कुणी काढला नाही. 

ब्रिजवॉटरच्या पुढे धुकं जरा विरळ झालं तेव्हा रेमी पहिल्यांदा बोलली. असं दुसऱ्याच्या वतीने बोलायला तुला कुणी शिकवलं, असं तिने विचारलं. तेव्हा मी ते सांगितलं, जे सुलभाशिवाय कुणाला सांगितलेलं नव्हतं.

माझे वडील कराडला वारले, १९८४ मध्ये. मी पाच वर्षांनी परत येतो म्हणून सांगून निघालो होतो आणि तोवर नऊ झाली होती. मला कळलं तेव्हा अग्नी देऊन झाला होता. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा येईना. दोन तास. सगळं सांगून झालं, आईला सांभाळू, घर विकणार नाही. शेवटी थोरल्या भावाने, अण्णाने, सांगितलं की वसंता, म्हणजे मी, परत येईल, तुमच्या घरात राहील. कावळा लगेच शिवला. मला हे अण्णाने कधी सांगितलं नाही, दहा वर्षांनी वहिनी बोलून गेली.

"मग गेलास?" रेमीने विचारलं.

"दोन-तीन वर्षांनी जातोच की. तीन आठवडे असतो."

"मी ते विचारलं नाही," ती म्हणाली. विमानात ती आमच्यापासून लांबच्या सीटवर बसली.

ब्रॅम्पटनला आल्यावर चार महिने ती माझ्याशी बोलली नाही. सुलभाशी बोलायची, माझ्याशी नाही. मला मनापासून वाईट वाटत होतं. विमान चुकू नये म्हणून मी एका बाईला तिला ज्या जागेची सगळ्यात जास्त भीती वाटते तिथे ढकललं होतं. दोन-तीनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. मग ऑक्टोबरमध्ये सुलभा म्हणाली, रेमीने तिकीट काढलंय. ब्रसेल्समार्गे, डिसेंबरचं.

गेली ती पाच आठवड्यांनी परत आली. विमानतळावर आम्हीच घ्यायला गेलो आणि ती आपणहून पुढे बसली. फ्रीटाउनचा विमानतळ खाडीपलीकडे आहे, बोटीने शहरात जावं लागतं, आणि बोटीत तिला परत फिरावंसं वाटलं होतं, असं तिने सांगितलं. कबर सापडली. तांबड्या मातीत ओळीच ओळी, प्रत्येकीवर पाटी. आईची जागा मात्र झाडलेली होती. शेजारची एक म्हातारी दर महिन्याला जाऊन झाडत होती. ती रेमीला म्हणाली, दोन वर्षं तुझी आई माझ्या स्वप्नात फाटकाशी उभी राहून पाणी मागायची. आता येत नाही. रेमीने विचारलं, कधीपासून. तारीख तिला कुठली माहीत असणार. पावसाला सुरुवात झाली तेव्हापासून, म्हणाली. तिकडे पाऊस मे-जूनमध्ये लागतो.

रेमी तीन दिवस कबरीपाशी बसली. जाऊन बसली, एवढंच. रडू आलं ते चौथ्या दिवशी, बाजारात केळी घेताना. माझ्या बोलण्याबद्दल ती चांगलं-वाईट काहीच म्हणाली नाही. पुढच्या आठवड्यात मोठा बर्फ पडला आणि आम्ही पूर्वीसारखे समोरासमोर शोव्हल करत होतो. मी विचारलं, आता आई दिसते का. तिने फावडं थांबवलं. "माझं झालं," ती म्हणाली आणि माझ्याकडे जरा वेळ बघून पुन्हा बर्फ ढकलायला लागली.

बर्चटाउनला जा. खर्च म्हणाल तर तिघांत मिळून फार नाही, आणि दीपगृहं आम्ही बघितली नाहीत तरी मला त्याची खंत नाही. धुकं असेल तर मुद्दाम जा. जहाजाने गेलेल्यांची नावं संग्रहालयाच्या भिंतीवर आहेत ती वाचा, आणि मग राहिलेल्यांच्या ढिगांपाशी थोडा वेळ थांबा. दगड हलवू नका. आणि तिथे काही बोललात तर ते ऐकलं जाईल हे धरून बोला. मी आयुष्यभर माती तपासली, मला यातलं काही सिद्ध करता येणार नाही. मला अजून भीती वाटते, इतकंच खरं आहे.

त्या बर्फाच्या दिवशी घरात येऊन मी कराडला फोन लावला. अण्णा आता एक्क्याऐंशीचा आहे. मी सरळ विचारलं, घाटावर त्या दिवशी तू नक्की काय बोललास. तो आधी हसला. म्हणाला, "अरे, ऊन मरणाचं होतं. भटजींना दुसरीकडे जायचं होतं. सगळं सांगून संपलं, मग तुझं नाव घेतलं. सुटका व्हावी म्हणून रे." मग आवाज उतरवून म्हणाला,  "पण कावळा असा आला ना वसंता, की मलाच धडकी भरली. म्हणून तुला कधी सांगितलं नाही. मागची खोली तेवढी झाडून ठेवतो. इतकी वर्षं ठेवतोय."

रात्री जेवणं झाल्यावर मी लॅपटॉपवर भारताची तिकिटं बघायला बसलो. सुलभा शेजारी येऊन बघायला लागली. तिने विचारलं, परतीची तारीख कुठली टाकलीस. मी म्हणालो, टाकली नाही, एकाच बाजूचं काढतोय. तिने खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाली, "माझंही तसंच काढ."